गडग्यावरचं शेवाळ आणि त्याच्या पानातला खिसा

जांभ्याची_भिंत | १७ ऑगस्ट, रात्री ९:४०

आमच्या घरामागं जांभ्याचा जुना गडगा आहे. सासऱ्यांनी रचलेला, कमरेएवढा. वर नंतर कुणीतरी सिमेंटचा पट्टा ओढलाय. बेळगावकडच्या आमच्या खानापूर तालुक्यातला पाऊस तुम्हाला ठाऊक आहेच. जुलै उजाडेपर्यंत तो गडगा दगडाचा आहे की हिरव्या लोकरीचा तेच कळेनासं होतं. काल वीज गेलेली, पावसानं तासभर दम घेतलेला, म्हणून शाळेतलं दहापटीचं भिंग घेऊन मी गडग्याशी वाकले होते. शेजारच्या आज्जींनी विचारलं, "काय हरवलंय ग?" म्हटलं, शेवाळ बघतेय. "त्यात काय बघायचं? पाय घसरतोय तेवढं बघ."

तर त्यात काय बघायचं, त्यासाठी हा धागा.

आधी शब्दाचं. शेवाळ हा शब्द आपण कशालाही लावतो. विहिरीतलं, टाकीतलं, कौलावरचं, फणसाच्या बुंध्यावरचं, सगळं शेवाळच. शेजारी कन्नड बोलणारे आहेत, त्यांच्यात सगळं 'पाची'. पण विहिरीत तरंगतं ते शैवल. त्याला ना खोड ना पान. गडग्यावरचं आहे ते मॉस. त्याला इवलंसं खोड असतं, पानं असतात, मुळं मात्र नसतात. मुळांच्या जागी नुसते केसासारखे धागे, दगडाला धरून राहण्यापुरते. परिभाषेत मॉसला 'हरिता' म्हणतात. तो शब्द मी एकदा वर्गात वापरला, तर मागच्या बाकावरची त्याच नावाची मुलगी 'प्रेझेंट मॅडम' म्हणत उभी राहिली. तेव्हापासून मी मॉसच म्हणते.

वीस पावलांच्या गडग्यावर तीन तऱ्हा दिसल्या. सिमेंटच्या पट्ट्यावर राखाडी-रुपेरी, दाट, नाण्याएवढ्या गाद्या. हे ब्रायम अर्जेन्टियम. पानाच्या वरच्या पेशींत हरितद्रव्य नसतं म्हणून ते चांदीसारखं दिसतं. शहरातल्या फुटपाथवर असतं, तसंच अंटार्क्टिकातही सापडतं. जुन्या गिलाव्यावर गडद हिरवं, ऊन पडलं की पानं आत गुंडाळून विडीसारखं होणारं हायोफिला. आणि खाली, जांभ्याच्या भोकांत आणि ओल्या मातीवर, जेमतेम पाच-सहा मिलिमीटरची पिसं. चपटी, इस्त्री केल्यासारखी.

ही पिसं म्हणजे फिसिडेन्स, आणि धागा त्यांच्याबद्दल आहे.

बहुतेक मॉसची पानं खोडाभोवती फिरत लागतात, बाटली धुवायच्या ब्रशासारखी. फिसिडेन्सची तशी नाहीत. उजवीकडे एक, डावीकडे एक, अशा दोनच ओळी, दोन्ही एकाच पातळीत. म्हणून पहिल्या नजरेला बाळ-नेचा वाटतो. एक पान सुईनं खाली ओढलं तर सुटेना. भिंगाखाली धरल्यावर कारण कळलं. पानाचा खालचा अर्धा भाग दुहेरी आहे. दोन पापुद्रे, शिरेला शिवलेले, वरून उघडे. त्या दोन पापुद्र्यांमध्ये खोड बसलेलं आणि वरच्या पानाचं बूडही. सदऱ्याच्या खिशात पेन खोचावं तसं एक पान दुसऱ्यात खोचलेलं, अगदी शेंड्यापर्यंत.

असा खिसा दुसऱ्या कुठल्याही मॉसला नाही. जगात मॉसच्या बारा हजारांच्या आसपास जाती आहेत. त्यांतल्या साडेचारशेच्या आसपास जाती या एका खिशावरून वेगळ्या काढता येतात. तुमच्याकडं गडगा असेल, जुनी विहीर असेल, रस्त्याच्या कडेला कापलेली दरड असेल, तर बघा आणि इथं लिहा.

कॅम्पातला_काका | १७ ऑगस्ट, रात्री १०:१५

मॅडम, वर्णन झकास. पण भिंत वाळली की वायर ब्रश मारा आणि ब्लीचिंग पावडरचं पाणी ओता. मी दर वर्षी गच्चीवर तेच करतो. चार वर्षांपूर्वी पडलोय, कंबर अजून बोलते. पानाला खिसा असो की पाकीट.

जांभ्याची_भिंत | १७ ऑगस्ट, रात्री १०:५०

काका, कंबरेला आराम पडो. पण तुम्हाला पाडलं ते बहुतेक मॉस नव्हतंच. मॉसवर पाय ठेवलात तर ओल्या पायपुसण्यावर ठेवल्यासारखं लागतं. बुळबुळीत, काळपट-हिरवा थर असतो तो शैवलांचा, आणि त्याला पान नसतं. पुढच्या वेळी पडायच्या आधी वाकून बघा.

वायर ब्रशचं नाव काढू नका. दोन वर्षांपूर्वी गणपतीच्या तोंडावर घराला रंग काढला. रंगाऱ्याला सांगितलं होतं, मागचा गडगा सोडून द्या. संध्याकाळी शाळेतून आले तर गडगा न्हाव्याकडून आल्यासारखा. वर तो म्हणतो, "मॅडम, फ्री में कर दिया." पुढचा पावसाळा तिथं नुसता हिरवा डाग होता. पिसं यंदा दिसायला लागलीत.

मास्तर_नंदगड | १८ ऑगस्ट, सकाळी ७:०५

नमस्कार बाई. मीही विज्ञानच शिकवतो. पुस्तकात ब्रायोफायटा, म्हणजे मॉस आणि त्याचे भाऊबंद, एका पानात उरकतं: फ्युनारिया या मॉसचं एक चित्र, मर्केंशियाचं एक, 'वनस्पतिसृष्टीचे उभयचर' हे वाक्य, आणि पुढचा धडा. मुलं पाठ करतात, प्रत्यक्षात पायाखालचं ओळखत नाहीत. खरं सांगायचं तर मीही ओळखत नाही. तुमचं हे फिसिडेन्स वर्गीकरणात कुठं बसतं ते जरा सविस्तर लिहाल काय? मुलांना सांगायला होईल.

सीमेवरचा_सीताराम | १८ ऑगस्ट, सकाळी ८:२०

एक शंका. हे मॉस कर्नाटकात मोडतं की महाराष्ट्रात? 😀

जांभ्याची_भिंत | १८ ऑगस्ट, सकाळी ८:३१

सीताराम, धागा तिकडं न्यायचा नाही. खिसा दाखवा नाहीतर वाचनमात्र राहा.

जांभ्याची_भिंत | १८ ऑगस्ट, रात्री ९:१०

मास्तर, लिहिते. चहा घेऊन बसा.

तुमच्या पुस्तकातलं ब्रायोफायटा म्हणजे एकत्र कुटुंब होतं, त्याच्या आता वाटण्या झाल्यात. मर्केंशिया ज्या घरातली ती यकृतका, म्हणजे लिव्हरवर्ट. ॲन्थोसिरॉस शिंगाळ्यांच्या घरातला, म्हणजे हॉर्नवर्ट. आणि मॉस तिसऱ्या घरात. ब्रायोफायटा हे नाव काटेकोर अर्थानं आज फक्त मॉसला राहिलंय.

मॉसच्या घरातही सगळे सारखे नाहीत. आपण बघतो त्यांतले बहुतेक ब्रायोप्सिडा वर्गात येतात. कुंड्यांत घालायला पाकिटात मिळतं ते स्फॅग्नम वेगळ्या वर्गातलं आणि केसाळ टोपी घालणारं पॉलिट्रायकम आणखी वेगळ्या.

ब्रायोप्सिडाच्या आतली विभागणी होते ती मुख्यतः दातांवर. मला हा विषय लागला तो याच ठिकाणी. मॉसला फूल नाही, फळ नाही. पाऊस ओसरायला लागला की रोपातून तारेसारखी दांडी निघते आणि तिच्या टोकाला बोंड धरतं. खरा शब्द बीजाणुकोश, पण आम्ही वर्गात बोंडच म्हणतो. बोंडावर झाकण असतं. झाकण पडलं की तोंडाशी दातांची कड दिसते. हवेतली ओल कमीजास्त होते तसे दात वाकतात, सरळ होतात, आणि बीजाणू थोडे थोडे बाहेर सोडले जातात. फ्युनारियाला दातांच्या दोन ओळी, एकात एक. फिसिडेन्सला एकच ओळ, सोळा दातांची, आणि प्रत्येक दात अर्ध्यापर्यंत उभा चिरलेला. 'फिसिडेन्स' या नावाचा अर्थच तो, चिरलेले दात. सापाच्या जिभा गोल मांडून ठेवल्यासारख्या दिसतात.

नाव ठेवणारा योहान हेडविग, जन्म १७३०. पेशानं डॉक्टर. रोगी बघून उरलेल्या वेळात सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसायचा. मॉसला नर-मादी अवयव असतात हे त्यानं दाखवून दिलं. तो १७९९ मध्ये गेला आणि त्याचा मॉसवरचा मोठा ग्रंथ १८०१ मध्ये, मरणानंतर छापून आला. स्फॅग्नम सोडलं तर मॉसच्या नावांची वैध मोजणी त्या ग्रंथापासून धरतात. फिसिडेन्स हे नावही त्यातलंच.

आता वाद. एवढं वेगळं पान बघून जुन्या लोकांनी फिसिडेन्सला स्वतंत्र गणच देऊन टाकला होता, फिसिडेन्टेलीज. बरोबरच वाटतं ना? पण दात सांगत होते वेगळं. एकेरी ओळ, चिरलेले सोळा दात, हे सगळं डिक्रॅनम नावाच्या मॉसच्या गोतावळ्याशी जुळतं. पुढं डीएनए बघितला तेव्हा त्यानंही दातांच्याच बाजूनं साक्ष दिली. म्हणून आता पत्ता असा लिहितात: वर्ग ब्रायोप्सिडा, उपवर्ग डिक्रॅनिडी, गण डिक्रॅनेलीज, कुल फिसिडेन्टेसी. आणि त्या कुलात एकटं फिसिडेन्स. साडेचारशे जाती आणि एकच आडनाव.

मास्तर_नंदगड | १९ ऑगस्ट, सकाळी ६:५०

वा बाई! प्रिंट काढून घेतली. एक शंका. खिसा नेमका कसा तयार झाला? पान दुमडलं, की दोन पानं चिकटली?

जांभ्याची_भिंत | १९ ऑगस्ट, रात्री ८:३०

हा प्रश्न जुन्या वनस्पतिशास्त्रज्ञांनीही एकमेकांना विचारून झालाय. एक बाजू म्हणायची, दुहेरी भाग हेच मूळचं पान, खोडाला कवटाळून बसलेलं. वरची आणि पाठीची पट्टी नंतर फुटलेली. दुसरी म्हणायची, दोन पानं एकमेकांना चिकटली. मला पहिली बाजू पटते. पुस्तक अर्धवट उघडून तुमच्या पोटाशी धरा. दोन्ही पुठ्ठे म्हणजे खिशाचे दोन पापुद्रे, बांधणी म्हणजे पानाची शीर. आता बांधणीच्या पाठीला बाहेरून एक पुठ्ठ्याची पट्टी उभी चिकटवा. ती पाठीची पट्टी. आणि बांधणी पुस्तकाच्या वर वाढवून तिच्या आतल्या बाजूलाही पट्टी जोडा, तो शेंडा. मूळ पान पोटाशी आहे, बाहेरचं सगळं नंतरचं बांधकाम. शिरेतल्या पेशींची मांडणीही तेच सांगते.

दोनच ओळी का, याचं उत्तर शेंड्यात आहे. मॉसच्या शेंड्याला एकच पेशी असते आणि तीच वाटली जात खोडपान घडवत जाते. बहुतेकांत ती तीन बाजूंनी कापली जाते, म्हणून पानं फिरत लागतात. फिसिडेन्समध्ये ती दोनच बाजूंनी कापली जाते, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. गंमत अशी की अगदी कोवळ्या कोंबात ती तीनबाजूच असते, नंतर दोनावर येते.

पुण्याची_पाहुणी | २१ ऑगस्ट, दुपारी १:१५

माहेर जांबोटीचं, सध्या पुण्यात. गेल्या महिन्यात चोर्ला घाटात गेलो होतो. तिथं दरडीवर असली दोन ओळींची चपटी पिसं पोत्यानं होती. फोटो ॲपमध्ये टाकला तर युरोपातल्या एका फिसिडेन्सचं नाव आलं, तेही पंच्याण्णव टक्के खात्रीनं. बरोबर असेल? वर्णन सांगते. पानं गोलसर, अर्धपारदर्शक, टोकाला खाच, मधली शीर दिसली नाही.

जांभ्याची_भिंत | २१ ऑगस्ट, रात्री ९:००

ताई, शीर नाही म्हणालात आणि फिसिडेन्स बाद झालं. टोकाला खाच म्हणालात आणि मॉसही बाद. ते पानवालं लिव्हरवर्ट असणार. दोन ओळींचा वेष घेणारे घाटात तीनचार जण आहेत, आणि मीही सगळ्यांकडून फसलेय.

पानवाल्या लिव्हरवर्टला शीर कधीच नसते. फ्रुलानियासारख्या काहींना पानाखाली शिरस्त्राणासारखी पिटुकली पिशवी असते. ती बघून खिसा सापडला म्हणून मी एकदा नाचले होते. पण ती पिशवी पानाच्या खाली लोंबते, तिच्यात खोड बसलेलं नसतं. बोंड आलं असेल तर प्रश्नच मिटला. लिव्हरवर्टची दांडी काचेसारखी आणि दोन दिवसांची पाहुणी. बोंड चार फाकांत उकलतं, दात नाहीत.

सिलॅजिनेला मोठी असते, तिच्यात आकारानं दोन प्रकारची पानं असतात आणि ती मॉसच नव्हे, नेच्यांच्या बाजूची. तिसरे पापुद्री नेचे. त्यांची पात एका पेशीच्या जाडीची, ओल्या दगडाला चिकटलेली, अगदी मॉससारखी. पण शिरा फांद्या फुटलेल्या. फिसिडेन्सच्या पानात शीर एकच, फांदी नाही.

ॲपचा मला राग नाही. पण त्याला वरून दिसतं तेवढंच कळतं. खिसा कडेनं बघावा लागतो.

मसाल्याची_पुडी | २२ ऑगस्ट, सकाळी ११:४०

अक्का, एक बावळट प्रश्न. आमच्यात मसाल्याला दगडफूल घालतात. ते पण दगडावरचं मॉसच ना?

जांभ्याची_भिंत | २२ ऑगस्ट, रात्री ८:१५

बावळट कसला, हा प्रश्न मला दर वर्षी कुणीतरी विचारतंच. दगडफूल ना दगडाचं फूल ना मॉस. ते लायकेन, बुरशी आणि शैवल यांचा एकत्र संसार. मॉस मसाल्यात घालू नका, मातीची चव येईल.

फिशटँक_वडगाव | २४ ऑगस्ट, रात्री ११:२०

मी पाण्यातल्या झाडांचा नादखुळा. आमच्या ग्रुपमध्ये 'फिसिडेन्स' म्हणून चमचाभर मॉस चांगल्या भावानं विकतात. लाकडाला दोऱ्यानं बांधायचं आणि महिनोन्महिने वाट बघायची, एवढं सावकाश वाढतं. जावा मॉस त्या मानानं गवत आहे. तुमच्या गडग्यावरचं आणून टँकमध्ये टाकलं तर चालेल काय? पैसे वाचतील.

जांभ्याची_भिंत | २५ ऑगस्ट, रात्री ९:३५

टँकमध्ये विकतात ते बहुतेक फिसिडेन्स फोन्टॅनस, जन्मापासून पाण्यातलं. पाण्यात राहून त्याचे दात खुरटलेत. बाहेर हवाच नाही तर दातांनी काय उघडायचं? पूर्वी त्याला वेगळं काढून ऑक्टोडायसेरस म्हणायचे. फिसिडेन्सची पोटविभागणी पर्सेल आणि ब्रुगमन-नानेंगा यांनी २००४ मध्ये नव्यानं मांडली, शिरेची रचना आणि दातांची तऱ्हा बघून, तेव्हा ऑक्टोडायसेरस हे एका उपगटाचं नाव म्हणून ठेवलं.

गडग्यावरचं टाकू नका. त्याला भिजायचं असतं आणि वाळायचंही असतं. उन्हाळ्यात बघा, गडग्यावर तपकिरी चुरा दिसतो, मेलं म्हणून आपण सोडून देतो. वळवाची एक सर आली की मिनिटांत पानं ताठ. ज्याला दर वर्षी वाळून उठायची सवय, त्याला कायम बुडवून ठेवलं तर कुजणारच. आणि बुंध्यावरचं, दरडीवरचं खरवडून आणायची सवय लावूच नका. भीमगड अभयारण्यातून तर एक पानही परवानगीशिवाय उचलायचं नाही.

जावा मॉसचं पान मात्र बघा भिंगाखाली. खिसा नाही.

मलप्रभा | ३० ऑगस्ट, सकाळी १०:००

पहिल्यांदाच लिहितेय, इतके दिवस नुसती वाचत होते. मी कणकुंबीजवळची, बेळगावला एमएस्सी बॉटनीला आहे. धागा वाचून घरी गेले तेव्हा विहिरीच्या आतल्या बाजूचं थोडं घेतलं. आई म्हणाली, "काय करूलीस ग विहिरीत वाकून? पडशील की!" दोन प्रकार मिळाले. दोन्हींना खिसा आहे, शंकाच नाही. एकाच्या पानाला कडेनं फिकट किनार आहे, लुगड्याच्या काठासारखी. दुसऱ्याला नाही. मग या दोन जाती समजायच्या काय?

जांभ्याची_भिंत | ३० ऑगस्ट, रात्री ९:५०

मलप्रभा, ये बाई, तुझीच वाट बघत होते. तुझ्याकडं विभागाचा सूक्ष्मदर्शक आहे, माझ्याकडं शाळेचा. त्याचा आरसा गेल्या वर्षी फुटलाय.

किनार हा मोठा पुरावा. ती लांबट, जाड भिंतींच्या पेशींची असते. काही जातींत ती पूर्ण पानभर फिरते, काहींत फक्त खिशाच्या कडेला, काहींत अजिबात नाही. मात्र एकाच रोपावर खालच्या पानांना नसते आणि बोंडाजवळच्या पानांना असते असंही होतं. म्हणून एक पान बघून निकाल देऊ नकोस. मग बघ, शीर टोकापर्यंत जाते की आधीच संपते. मग पेशींवर पुटकुळ्या आहेत का, असल्या तर पेशीवर एक की अनेक. आणि रोप नीट धुऊन पानाच्या बगलेत बघ. काही जातींत तिथं काचेच्या मण्यासारखी पारदर्शक गाठ असते. क्रिस्प्युलस जातीत ती ठळक दिसते. वाळल्यावर पानं किंचित कुरळी होतात म्हणून तिला ते नाव.

आणि कागदाच्या पुडीत ठेव. प्लॅस्टिकच्या पिशवीत दोन दिवसांत बुरशी येते. मोठ्या वनस्पतिसंग्रहांतही मॉस पुड्यांतच असतं, आणि शंभर वर्षांपूर्वीचंही पाण्याचा थेंब टाकला की पान उघडतं. माझ्या पुड्या 'तरुण भारत'च्या कागदाच्या आहेत, त्यामुळं सापडल्याची तारीख आपोआप नोंदली जाते.

सीमेवरचा_सीताराम | ३१ ऑगस्ट, सकाळी ९:०५

खिसा सापडला. हलशीला गेलो होतो, देवळामागच्या ओल्या दरडीवर. सुईऐवजी बायकोची सेफ्टीपिन वापरली. आता लिहायला परवानगी आहे काय?

जांभ्याची_भिंत | ३१ ऑगस्ट, सकाळी ९:२०

आहे. देवळाच्या दगडावरचं काढलं नाहीस ना?

सीमेवरचा_सीताराम | ३१ ऑगस्ट, सकाळी ९:२२

नाही ओ. दरडीवरचंच. नखाएवढं.

मास्तर_नंदगड | १४ सप्टेंबर, रात्री ८:००

बाई, नववीच्या मुलांना घेऊन शाळेमागच्या ओढ्यावर गेलो. अठ्ठावीस मुलं, दोन भिंगं. नुसती झुंबड. एका पोरानं नारळाच्या बुंध्यावरचं पांढरट मॉस आणलं, हाताला लागताच पानं तुटून पडणारं. मुलांनी त्याचं नाव 'म्हातारं' ठेवलं. ते कोण?

जांभ्याची_भिंत | १४ सप्टेंबर, रात्री ९:१५

ते ऑक्टोब्लेफारम अल्बिडम असावं. पान अनेक पेशींच्या जाडीचं, बाहेरच्या पेशी रिकाम्या, म्हणून पांढरट. तुटलेल्या पानापासूनही नवं रोप उगवतं. त्याचंही नाव दातांवरूनच, 'आठ पापण्या'. तुमच्या मुलांचं नाव मला जास्त आवडलं.

कॅम्पातला_काका | ५ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:३०

धागा वर काढतोय. कबूल करतो, यंदा गच्ची घासताना वाकून बघितलं. बुळबुळीत थराला पानं नव्हती, म्हणजे मॅडम खरं बोलल्या. तो काढला. पण पाण्याच्या टाकीच्या मागं, वीट उघडी पडलीय तिथं, खिसेवालं निघालं. नातवाच्या भिंगानं बघितलं. दांड्या आल्यात, लालसर, अर्धा सेंटिमीटरच्या, टोकाला बोंडं. ब्रश तिथं थांबवला. आता दात बघायचे तर काय करू?

जांभ्याची_भिंत | ५ नोव्हेंबर, रात्री ८:१०

काका! तपकिरी झालेलं, झाकण पडलेलं एक बोंड निवडा. हिरव्याचं झाकण उपटू नका, दात सोबत येतात. दाढीच्या पत्तीनं तोंडाकडचा भाग आडवा कापा, काचेवर उताणा ठेवा, बाजूनं टॉर्च मारा. मग तोंड जवळ नेऊन हळू श्वास सोडा. दात हलताना दिसतील. बघून झालं की मोजा.

मलप्रभा | ९ नोव्हेंबर, रात्री १०:४५

अक्का, किनारवाल्याचं अजून ठरत नाही, विभागातल्या मॅडमना दाखवलंय. बिनकिनारवाल्याच्या बगलेत काचेचे मणी आहेत! पाच रोपं बघितली, पाचही ठिकाणी. फोटो व्यक्तिगत निरोपात पाठवलेत.

जांभ्याची_भिंत | ९ नोव्हेंबर, रात्री ११:०५

बघितले. मणी सुरेख आलेत. पुडीवर 'क्रिस्प्युलस' लिही, पण पेन्सिलीनं, आणि पुढं प्रश्नचिन्ह घाल. मॅडमनी पेशी बघितल्या की मग शाई.

कॅम्पातला_काका | १२ नोव्हेंबर, रात्री ९:३०

मोजले. तीनदा मोजले, नातवाकडूनही मोजून घेतले. तुम्ही सोळा म्हणालात, आमचे पंधरा आले. श्वास सोडला की हलतात मात्र खरे. नातू सारखा फुंकर मारतोय, उडवून लावलं एकदा.

जांभ्याची_भिंत | १२ नोव्हेंबर, रात्री ९:४१

सोळावा तुमच्या पत्तीला चिकटलाय. पत्ती भिंगाखाली धरा.

कॅम्पातला_काका | १२ नोव्हेंबर, रात्री १०:०२

आहे.